पान बाविसावरची चूक

सर्व्हरच्या खोलीत शिरण्याआधी ते शर्टाच्या खिशातून एक अख्खी सुपारी काढायचे, रुमालाने पुसायचे आणि डाव्या गालात धरायचे. ती ते चघळत नसत. ती तोंड बंद ठेवण्यासाठी होती. दुसरा माणूस काम करत असताना आपल्या तोंडून शब्द निघू नये, म्हणून साठी उलटलेल्या ह्या गृहस्थांनी स्वतःला लावलेलं ते बूच होतं. एकदा सुपारी गालात गेली की माझ्या हातून काहीही होवो, स्क्रीनभर लाल अक्षरं येवोत, त्यांच्याकडून फार तर नाकातला एक हुंकार ऐकू यायचा.

ऑफिस आमचं लकडगंजात, एका आरामशीनच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर लाकूड चिरलं जायचं आणि वर आम्ही लोकांच्या घरी इंटरनेट पोचवायचो. मालकांना सगळे भैयाजी म्हणत. तरुणपणी त्यांनी स्वतः गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या तारा ओढल्या होत्या आणि त्यातूनच हा ब्रॉडबँडचा धंदा उभा राहिला होता. मी तक्रारींच्या फोनवर. "ताई, नेट काहून बंद हाय?" ह्या एका प्रश्नाला उत्तरं देण्यात माझी सात वर्षं गेली होती. आणि हे सुपारीवाले आमच्या नेटवर्कचे प्रमुख. सरकारी टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे वर्षावर्षाच्या करारावर आलेले. बाकीचे त्यांना काकाजी म्हणायचे. मी सर म्हणायचे, कारण मला त्यांनी शिकवलं. तसा त्यांचा अजिबात इरादा नव्हता, ही गोष्ट वेगळी.

झालं असं की भैयाजींनी नवं सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं. तोवर आमच्याकडे प्रत्येक भागात वेगळ्या कंपनीचा डबा बसवलेला होता. धरमपेठेतल्या डब्याची भाषा वेगळी, जरीपटक्यातल्याची वेगळी, आणि ह्या सगळ्या भाषा येणारे एकटे सर. नव्या पद्धतीत डब्यांमधली अक्कल काढून घ्यायची आणि ऑफिसातल्या तीन साध्या सर्व्हरवर ठेवायची. तिघांनी मिळून एकाच यंत्रासारखं काम करायचं, एक बसला तर उरलेल्या दोघांनी ओढायचं. ह्या तिघांच्या मेळाला क्लस्टर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. तक्रार आली की कुठल्याही भागातली असो, एकाच पडद्यावर दिसणार होती.

पण भैयाजींच्या पोटात एक भीती होती आणि ती त्यांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवली.

"काकाजी, सगळं तुमच्या डोक्यात हाय. तुमाले काही झालं त मी कोणाकडं जाऊ? पुण्याची एक कंपनी सगळं लावूनबी द्याले तयार हाय आन् तिथून चालवालेबी. कम्प्लेंटचा फोनसुद्धा तेच घेतील म्हणते."

"मले महिनाभर द्या," सर म्हणाले.

"दिला. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पुण्याचा माणूस येईन. तोवर आपल्या लोकायनं लावून दाखवलं त ठीक. नाही त सही करून टाकतो."

फोनसुद्धा तेच घेतील, हे वाक्य भैयाजी सहज बोलून गेले. मी मात्र तिथेच उभी होते. चाळिशी ओलांडलेल्या, बीए झालेल्या, फोनवर गोड बोलण्यापलीकडे काही न येणाऱ्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार? त्या दिवसापासून महिनाभर माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. सरांनी ते लावलं पाहिजे, नाही तर मी घरी.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला आत बोलावलं.

"ताई, तुमाले सर्व्हरमधलं काही समजते?"

"नाही."

"कॉम्प्युटरवर काय काय येते?"

"तक्रार लिहिता येते. आणि लाइट बिल भरता येतं."

"एकदम बढिया," ते म्हणाले. "बसा."

समोर एक वही ठेवली होती. शाळेतल्या मुलांची गणिताची असते तशी, चौकटीची. प्रत्येक कमांड त्यांनी एका चौकटीत एक अक्षर अशी लिहिली होती. जिथे जागा सोडायची तिथे रिकामी चौकट. शेजारी मराठीत लिहिलेलं, आता काय दिसेल, किती वेळ थांबायचं, काय दिसलं तर घाबरायचं नाही आणि काय दिसलं तर हात काढून घ्यायचा. मी वाचायचं आणि टाइप करायचं. ते मागे स्टुलावर बसायचे, गालात सुपारी, मांडीवर वहीची दुसरी प्रत, हातात लाल पेन. मी जिथे थबकले तिथे लाल ठिपका. मग ते पान नव्याने लिहायचं.

"सर, तुम्हीच का नाही लावून टाकत? दोन तासांत होईल तुमच्या हातून," मी एकदा वैतागून म्हटलं.

सुपारी काढून ते म्हणाले, "मी लावलं त ते माह्या हातानं लागलं. वहीनं लागलं पायजे."

सुरुवातीला मी दर पानावर अडकायचे आणि दर वेळी सॉरी म्हणायचे. एक दिवस त्यांनी पेन खाली ठेवलं. "सॉरी काहून म्हणता? तुमी फार चांगल्या अडकता, ताई. आपले पोट्टे अडकतच नाहीत. अंदाजानं पुढं निघून जाते. मंग वहीत काय चूक हाय ते मले समजन कसं?"

चांगली अडकते, अशी तारीफ माझी जन्मात कोणी केली नव्हती. घरी सांगितलं तर नवरा दोन दिवस हसत होता.

वहीचं हे वेड फक्त यंत्रांपुरतं नव्हतं. मुलीच्या लग्नात त्यांनी पत्रिकेमागे हॉलचा नकाशा छापला होता. छापखान्यातून गठ्ठा आला, त्यातली एक पत्रिका घेऊन ते रेल्वे स्टेशनवर गेले, एका अनोळखी ऑटोवाल्याच्या हातात ठेवली, "ह्या नकाशाप्रमाणं चाला" म्हणाले आणि सुपारी गालात धरून मागे बसले. नकाशात पेट्रोल पंपावरून उजवीकडे वळा असं होतं. रस्त्यात पंप दोन. ऑटोवाला पहिल्यावरून वळला आणि त्याने सरांना भलत्याच लॉनवर नेऊन सोडलं, तिथे कोणाचा तरी साखरपुडा चालला होता. गेटवरच्या माणसांनी ह्यांना हाताला धरून आत नेलं. तोंडात सुपारी, त्यामुळे नाही म्हणता येईना. सर जेवून आले आणि सगळ्या पत्रिका पुन्हा छापून घेतल्या. बायको त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि तेही असं, की जणू तिचंच काहीतरी चुकलं होतं.

महिन्यातून एक दिवस ते मरायचे. हा शब्द त्यांचाच. पहिल्या मंगळवारी ते वेळेवर ऑफिसात यायचे, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, "आज मी मेलो" म्हणायचे आणि पेपर उघडायचे. मग कोणी काहीही विचारो, ते मेलेले. जरीपटक्याची अर्धी लाइन बंद पडली तरी ते पेपरातली शब्दकोडी सोडवत बसायचे. पोरं आधी हसली, मग चिडली, मग सरांनी लिहून दिलेल्या आपापल्या भागाच्या वह्या काढू लागली. एकदा लाइनवरच्या एका पोराने त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला आणि त्याला झेंडूचा हार घातला. आम्हाला वाटलं, आता भडकतात. सरांनी मान वळवून फोटो पाहिला, हार सरळ केला आणि संध्याकाळी जाताना त्या पोराची पाठ थोपटली. जितेपणी हार मिळाला म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दोन आठवड्यांनी पहिल्यांदा सगळं एका दमात लागलं. टेबलावर आम्ही घरी बसवतात तसला एक छोटा डबा चाचणीसाठी जोडून ठेवला होता. त्याचा दिवा लुकलुकला आणि मग स्थिर झाला. माझ्या मोबाइलवर त्यातून इंटरनेट आलं. मी खुर्चीतून उठून ओरडले, "सर, झालं!"

"छान," ते म्हणाले. "आता पुसा."

मला वाटलं गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. तीनही सर्व्हर कोरे करून पुन्हा पान एकपासून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना दिसलं आणि त्यांनी मला पाणी आणून दिलं. पण पुसायला लावलंच. त्यानंतर किती वेळा लावलं आणि किती वेळा पुसलं, ते मी मोजणं सोडून दिलं. पोळ्या लाटताना माझी बोटं पोळपाटावर कमांडा टाइप करायची.

ह्याच दिवसांत मी त्यांना एक शहाणपणा शिकवायला गेले. त्यांचा करार मार्चअखेर संपत होता. भैयाजी कसे आहेत ते मला ठाऊक होतं, माणूस वाईट नाही, पण ज्याची गरज नाही अशी वस्तू दुकानात ठेवायची नाही, हा त्यांचा खाक्या. मी डबा खाताना म्हटलं, "सर, सगळंच वहीत काहून उतरवून राहिले? दोन पानं डोक्यात ठेवा की. तुमच्यासाठी."

ते जेवायचे थांबले. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदा पाहिलं. आवाज चढला नाही, पण हातातला घास त्यांनी परत डब्यात ठेवला.

"खात्यात आमचे एक मोठे साहेब होते," ते म्हणाले. "जमिनीखालच्या केबलचा कोणता जोड कुठं हाय, हे सगळं त्यायच्या डोक्यात. कोणाले सांगे नाही. सांगतलं त आपल्याले कोण पुसंल, असं त्यायले वाटे. एका सकाळी दाढी करता करता गेले. मंग एक जोड खराब झाला आन् अर्ध्या वस्तीचे फोन बंद. आमी सडका खोदून राहिलो, जोड काही सापडेना. शेवटी आमाले त्यायच्या घरी पाठवलं. तेरवीचा दिवस होता. बाई पांढऱ्या साडीत बसली अन् मी तिले विचारून राहिलो, की साहेब कधी घरी जोडाबद्दल काही बोलले का. चोवीस वर्षांचा होतो मी, ताई. तिनं माह्याकडं जसं पाह्यलं ना..."

मी माझा डबा संपवला. पुन्हा तो विषय मी काढला नाही, पण माझं मत काही बदललं नव्हतं.

आता त्या शनिवारबद्दल. सोमवारी पुण्याचा माणूस येणार होता, म्हणून शनिवारी सकाळी भैयाजींसमोर लावून दाखवायचं ठरलं. खोलीत भैयाजी खुर्चीवर, लाइनवरची दोन पोरं भिंतीला टेकून, सर स्टुलावर सुपारीसकट, आणि मी वहीसमोर. पानं सरळ उलटत होती. पहिला सर्व्हर लागला, दुसरा लागला, आणि मी पान बाविसावर आले.

त्या पानावर तिसऱ्या सर्व्हरला मेळात घ्यायची कमांड होती. आणि चार दिवसांपूर्वी काय झालं होतं, तर त्या तिसऱ्या सर्व्हरचा पंखा खालच्या आरामशीनच्या भुशाने जाम झाला होता. तो सर्व्हर काढून आम्ही दुसरा ठेवला. नव्याचा नेटवर्कवरचा पत्ता नवा, शेवटचा आकडा तेराच्या जागी सतरा. त्याच्यावरची पत्त्याची चिठ्ठी मीच लिहून चिकटवली होती. सरांनी वहीत चार ठिकाणी तेराचे सतरा केले होते आणि पाचवं ठिकाण, पान बाविसावरचं, राहून गेलं होतं. त्यानंतर वही पुन्हा चालवून पाहायला वेळच मिळाला नव्हता. चौकटीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, तेरा.

मी थांबायला हवं होतं. महिनाभर तेच तर शिकवलं होतं. पण मागे भैयाजी बसलेले. वही त्यांच्यासमोर चुकली तर सरांची महिनाभराची मेहनत पाण्यात, आणि माझी नोकरीही. शिवाय त्या म्हाताऱ्याची फजिती मला बघवली नसती. विचार पुरता होण्याआधी माझ्या बोटांनी सतरा टाइप केलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटलं. पुढची पानं मी नेहमीपेक्षा भरभर उलटली.

दुपारी डब्याचा दिवा स्थिर झाला. भैयाजींनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या. आलूबोंडे आले, सोबत तळलेल्या मिरच्या. सरांनी सुपारी काढून रुमालात गुंडाळली, पण बोंड्याला हात लावला नाही.

"ताई, पान बाविसावर तुमी काय टाकलं?"

"वहीत होतं ते," मी म्हटलं.

"वहीत तेरा हाय."

मी बोंड्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"वहीत तेरा हाय आन् तुमी टाकलं सतरा. मी मागून पाहून राहिलो होतो. चूक माही हाय. तुमी ती लपवली." मग भैयाजींकडे वळून ते म्हणाले, "हे लागलं नाही, भैयाजी."

भैयाजींच्या हातातला बोंडा तसाच राहिला. "लागलं नाही म्हणजे? बत्ती दिसते ना तुमाले?"

"बत्ती ताईच्या डोक्यानं लागली. उद्या ताई रजेवर गेली त कोणाच्या डोक्यानं लागंल?"

"एका आकड्याची त गोष्ट हाय, काकाजी. तेराचे सतरा करून टाका न जी."

"ते केलेच. पण एक सापडली म्हणून दुसरी नसनच, हे कोणाले माहीत? पुसून पुन्हा लावा लागंल."

"परवा पुण्याचा माणूस येऊन राहिला," भैयाजी उभे राहिले. "हे चालू हाय ते तुमी बंद केलं न, त मी सही करून टाकीन. मंग मले बोलू नका." आणि ते जिना उतरून गेले.

मी सरांपुढे अक्षरशः हात जोडले. "सर, राहू द्या. मी खोटं बोलले, चुकलं माझं. पण हे राहू द्या."

त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले आणि तीनही सर्व्हर पुसले. लावायला सकाळपासून दुपार झाली होती. पुसायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मी भांडले. सात वर्षांत ऑफिसात कोणाशी भांडले नव्हते ते सगळं एकदम काढलं. नोकरी माझी जाते आहे, तुम्हाला पेन्शन आहे, तुमची वही तुम्हालाच लखलाभ, असं बरंच काही. पोरं बोंड्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर सटकली. सर ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "तुमची नोकरी जाऊ नये म्हणूनच पुसलं, ताई. भैयाजीले भेव कायचं हाय? माणसाचं. काकाजी गेले त काय, हे भेव. आज त्यायनं काय पाह्यलं? काकाजीच्या ऐवजी ताई. म्हणजे भेव तिथंच राह्यलं. सोमवारी पुण्याचा माणूस दोन मिनिटांत हेच दाखवून देईन."

मला ते तेव्हा पटलं नाही. मी पर्स उचलून घरी गेले.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, ऑफिसात या. गेले तर भैयाजींची गाडी खाली उभी. सरांनी त्यांना काय सांगून आणलं ते पुढे भैयाजींनीच मला सांगितलं. सर म्हणाले होते, ज्या माणसाने स्वतः गच्चीवरून तारा ओढल्या, त्याने सही करायच्या आधी एकदा स्वतःच्या हाताने पाहून घ्यावं. भैयाजींना तारांची आठवण काढलेली फार आवडते. ते चष्मा घालून, बाह्या सारून माझ्या खुर्चीत बसले होते.

सरांनी स्वतःच्या गालात सुपारी धरली आणि दुसरी माझ्या हातावर ठेवली. मी पाहतच राहिले. मग धरली गालात.

भैयाजी एका बोटाने टाइप करायचे. प्रत्येक चौकटीवर डाव्या हाताचं बोट ठेवायचं, अक्षर मोठ्याने म्हणायचं, मग उजव्या हाताने ते की-बोर्डवर शोधायचं. वरच्या मजल्यावर रविवारची शांतता, खाली आरामशीन बंद, आणि भैयाजी एकेक अक्षर पुकारताहेत. मध्येच ते चिडायचे, "हे काय लिहिलं बुवा?" आणि मागे वळून बघायचे. आम्ही दोघं गाल फुगवून बसलेले. मग पुन्हा वही वाचायचे, आणि उत्तर तिथेच लिहिलेलं सापडायचं. बाविसाव्या पानावर मी गालातली सुपारी दाताखाली दाबून धरली. त्यांनी सतरा टाइप केलं, जराही न थबकता, आणि पान उलटलं.

एकतिसाव्या पानावर सरांनी लिहिलं होतं, इथे वेळ लागतो, चहा पिऊन या. भैयाजी उठले आणि खरोखरच चहा प्यायला गेले. चौकात कोणीतरी ओळखीचे भेटले, अर्ध्या तासाने आले. सरांनी त्या ओळीवर लाल ठिपका दिला आणि मी पहिल्यांदा त्यांना सुपारीसकट हसताना पाहिलं.

चारच्या सुमाराला दिवा स्थिर झाला. भैयाजी दिव्याकडे बघत राहिले. त्यांनी हात लावून डबा हलवून पाहिला, मोबाइलवर काहीतरी उघडून पाहिलं, मग घरी फोन लावला आणि बायकोला म्हणाले, "अवं आयकतं का, मी लावलं. मी सोताच्या हातानं लावलं." सोमवारी पुण्याचा माणूस आला, तेव्हा त्याला भैयाजींनी झणझणीत तर्री-पोहे खाऊ घातले आणि तो नाक पुसत पुसत परत गेला. माझी खुर्ची राहिली. पुढच्या महिन्यात तर मला फोनवरून काढून सर्व्हरच्या खोलीत बसवलं.

मार्चमध्ये भैयाजींनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. सरांच्या कराराचा कागद टेबलावर होता.

"ताई, खरं सांगा. काकाजी नसले त तुमाले जमंल का?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. नाही भैयाजी, अजून बऱ्याच गोष्टी त्यांच्या डोक्यात आहेत, असं म्हटलं असतं तर त्यांना आणखी एक वर्ष नक्की मिळालं असतं. ते वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं. पण आता खोटं बोलणं म्हणजे त्यांचं सगळं काम पुसून टाकणं होतं, आणि ते मला आधी कळलं नव्हतं, आता कळत होतं.

"जमेल," मी म्हणाले.

निरोपाचा समारंभ ऑफिसातच झाला. शाल, नारळ, सामोसे. भैयाजींना भाषण येत नाही. ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "काकाजीनं असं काम करून ठेवलं, की उद्यापासून हे नसले त आपल्याले काही फरक पडणार नाही."

पोरांनी माना खाली घातल्या. भैयाजींच्या लक्षात आलं की आपण भलतंच बोललो. ते लालबुंद झाले, "म्हणजे माह्यं म्हणणं असं नव्हतं जी..." करत सारवासारव करू लागले.

सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. शाल खांद्यावरून घसरली होती, ती सावरायचंही भान त्यांना नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाही, नाही, भैयाजी. बरोबर बोलले. इतक्या वर्षांत हे मले कोणी म्हटलं नव्हतं. एक डाव पुन्हा म्हणा."

भैयाजींनी चाचरत चाचरत पुन्हा म्हटलं. सर मान हलवत ऐकत होते आणि टाळ्या वाजवणारे तेवढे ते एकटेच होते. मी दाराशी उभी राहून रडत होते. मला जमणार होतं, हे खरं होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.